तापलेले लोखंडी जोडे

अंगावर लाकूडतोड्याचे कपडे, तोंडावर पिवळट रबरी मुखवटा, चाल जड आणि तोंडून एक शब्द नाही. मुखवट्यावरची ओठांची रेघ जागची हलत नाही. समोरचा माणूस किंचाळो, पळो की मरो, चेहरा तोच. हा विनी द पू. मधाच्या बरणीत पंजा घालून बसणारं, जरासं मंद पण भलं अस्वल म्हणून जगभरच्या मुलांनी ज्याला उशाशी घेतलं, तोच. २०२३ साली आलेल्या ‘विनी द पू : ब्लड अँड हनी’ या चित्रपटात तो माणसं मारत फिरतो आणि पिगलेट नावाचं त्याचं डुक्कर त्याला साथ देतं.

चित्रपटाची सुरुवात रेखाचित्रांनी होते. ख्रिस्तोफर रॉबिन हा मुलगा जंगलातल्या या दोस्तांना रोज खाऊ घालतो. मग तो मोठा होतो, शिकायला निघून जातो. हिवाळा येतो, खायला काही उरत नाही आणि उपाशी दोस्त आपल्यातल्याच ईयोर या गाढवाला खाऊन टाकतात. त्या रात्रीनंतर ते माणसांचा द्वेष करायची शपथ घेतात. शिवाय पुन्हा कधी बोलायचं नाही, अशीही.

ही दुसरी शपथ नीट पाहण्यासारखी आहे. कथेत ती दुःखाची खूण म्हणून येते, पण निर्मात्याच्या वहीत ती बचतीची नोंद आहे. मुखवट्याचे ओठ हलवायला यंत्रणा लागते, ती चालवायला माणूस लागतो, संवादांना आवाज लागतो. आणि पूच्या तोंडी शब्द घातले की प्रेक्षकांना डिस्नेच्या पूचा आवाज आठवणार, वकिलांनाही आठवणार. अस्वलानं मौन धरलं की हे सगळे प्रश्न एका झटक्यात मिटतात. कमी पैशांतल्या भयपटाची अर्धी कला अशीच असते. अडचण आधी येते आणि कथानक मागाहून तिच्या मापाचं शिवलं जातं.

दिग्दर्शक ऱ्हीस फ्रेक-वॉटरफील्डनं हा चित्रपट दहा दिवसांत उरकला. चित्रीकरण इंग्लंडच्या ॲशडाऊन जंगलाच्या परिसरात झालं, ए. ए. मिल्नला पूच्या गोष्टी सुचल्या त्या याच रानात. खर्च एक लाख डॉलरच्या आत, म्हणजे तेव्हाच्या भावानं फार तर ८२ लाख रुपये. मुंबईच्या उपनगरात एवढ्यात एक खोली-स्वयंपाकघर मिळवायलाही घाम फुटतो. जगभरचा गल्ला मात्र ५० लाख डॉलरच्या वर गेला. समीक्षकांनी चित्रपटाची सालं काढली. वर्षातल्या वाईटात वाईट चित्रपटांना दिले जाणारे गोल्डन रॅस्पबेरी पुरस्कार त्याला एक-दोन नव्हे, पाच मिळाले. त्यात सर्वांत वाईट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा हे तिन्ही आले. निर्मात्यांनी दुसरा भाग काढला.

हे शक्य झालं ते एका तारखेमुळे. मिल्नचं ‘विनी द पू’ हे पुस्तक १९२६ चं. अमेरिकी कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०२२ रोजी त्यावरचा स्वामित्वहक्क संपला आणि पू सार्वजनिक मालकीचा झाला. पण पूर्ण नाही. टिगर हा वाघोबा मिल्नच्या १९२८ च्या पुस्तकात पहिल्यांदा येतो, म्हणून पहिल्या चित्रपटात तो नाही. २०२४ साली त्याची मुदत भरली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात तो हजर झाला. पूचा प्रसिद्ध तोकडा लाल सदरा पुस्तकात नव्हता, तो नंतर आला आणि डिस्नेनं घरोघर पोहोचवला. म्हणून या खुनी अस्वलाला लाकूडतोड्याचे कपडे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. मिल्न १९५६ साली वारला, म्हणजे इथल्या कायद्यानं त्याचा मजकूर २०१७ च्या पहिल्या दिवसापासूनच मोकळा आहे. अमेरिकेच्या पाच वर्षं आधी.

चित्रपटाची नुसती छायाचित्रं बाहेर पडली तेव्हाच गदारोळ उठला. आमचं बालपण नासवलं, अशी ओरड झाली. आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचं दिग्दर्शकानं मुलाखतींत सांगितलं. हाँगकाँगमध्ये तर मार्च २०२३ मध्ये खेळच रद्द झाले, पण त्याचं कारण रक्त नसावं. चिनी राष्ट्राध्यक्षांची थट्टा करणारे लोक गेली काही वर्षं त्यांची तुलना याच अस्वलाशी करत आले आहेत.

पू ही काही जुनी परीकथा नव्हे; तिला लेखक आहे, तारीख आहे. पण या चित्रपटानं स्वस्त भयपटांच्या ज्या धंद्याकडे लोकांचं लक्ष वेधलं तो धंदा परीकथांवर कधीपासून जगतो आहे. कारण सरळ आहे. सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी, हिमगौरी, हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना मालक नाही. नाव वापरायला दमडी पडत नाही आणि जाहिरात तर शेकडो वर्षं आज्यांनी करून ठेवलेली. अनोळखी भयपटाला आपलं नाव लोकांच्या कानावर घालण्यातच जन्म जातो. ‘सिंड्रेला’ म्हटलं की ते काम झालेलं असतं. अट एकच, डिस्नेनं स्वतःची म्हणून जी भर घातली तिला हात लावायचा नाही. हिमगौरी कुणाचीही, पण १९३७ च्या चित्रपटात डिस्नेनं सात बुटक्यांना ठेवलेली नावं डिस्नेची.

आता नासलेल्या बालपणाचं. ज्या गोष्टींत रक्त ओतल्याची तक्रार होते, त्या मुळात कशा होत्या?

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी आपल्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली छापला. त्यात एक गोष्ट होती ती डुक्कर कापण्याचा खेळ खेळणाऱ्या मुलांची. एक मूल खाटीक होतं, एक डुक्कर होतं आणि सुरी खरी असते. ही गोष्ट पुढच्या आवृत्तीत गाळली गेली. त्याच पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. सावत्र झाली ती १८१९ साली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून द्यायला सांगणारीही आधी आईच होती. आईनं मुलांचा काटा काढावा हे जर्मन मध्यमवर्गीय घरांत खपेना, म्हणून ग्रिमबंधूंनी आवृत्तीगणिक आया बदलल्या. शिक्षा मात्र तशाच राहिल्या. हिमगौरीच्या लग्नात दुष्ट राणीसाठी लोखंडी जोडे निखाऱ्यांवर लाल होईतो तापवतात आणि ते घालून तिला मरेपर्यंत नाचायला लावतात. डिस्नेनं तिला कड्यावरून पाडलं, ते त्या मानानं सौम्यच.

इटलीतही तेच. कार्लो कोलोदीच्या पिनोकिओनं उपदेश करणाऱ्या रातकिड्याला लाकडी हातोडा फेकून भिंतीवरच चिरडलं आहे. डिस्नेनं त्या रातकिड्याला डोक्यावर हॅट घालून गाणं म्हणायला लावलं. आणि १८८१ साली मासिकातून क्रमशः येताना ती गोष्ट पंधराव्या प्रकरणातच आटोपली होती, बाहुला झाडाला फाशी लटकलेला असताना. पोरं नाराज झाली तेव्हा कोलोदीनं त्याला पुन्हा जिवंत केलं. १९९६ साली केव्हिन टेनीनं ‘पिनोकिओज रिव्हेंज’ हा व्हिडिओ-दुकानांच्या फळीसाठीचा भयपट काढला आणि त्यात लाकडी बाहुल्यावर खुनांचा संशय आणला. त्यानं मुलांच्या पवित्र ठेव्याला हात घातला, असं म्हणायला म्हणूनच फारशी जागा नाही.

सिनेमालाही हे पहिल्यापासून ठाऊक होतं. जॉर्ज मेलिएसनं १९०१ सालीच ‘बार्ब-ब्ल्यू’ म्हणजे निळ्या दाढीच्या उमरावाची गोष्ट पडद्यावर आणली. शार्ल पेरोच्या १६९७ च्या संग्रहातली ही कथा. नवरा नव्या बायकोला सगळ्या किल्ल्या देतो आणि एक खोली तेवढी उघडू नकोस म्हणतो. ती उघडते. मेलिएसच्या चित्रपटात आत सात बायका लटकताना दिसतात, ओळीनं, धुणं वाळत घातल्यासारख्या. सिनेमाचं वय तेव्हा सहा वर्षांचं.

या वंशावळीतली सगळ्यात गमतीची शाखा मेक्सिकोत सापडते. रोबेर्तो रोद्रीगेस या दिग्दर्शकानं १९६० ते १९६२ या काळात लाल टोपीवाल्या मुलीवर ओळीनं तीन चित्रपट काढले. तिसऱ्यात ती टॉम थंबला, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढ्या मुलाला, बरोबर घेऊन राक्षसांशी लढते. तिथे लांडगा आता सुधारला आहे. मुलांना खाणं सोडल्याच्या गुन्ह्यासाठी दुष्ट राणीनं त्याच्यावर खटला भरला आहे. राणीच्या दरबारात रक्तपिपासू व्हॅम्पायर आहे, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा चुलतभाऊ शोभेल असा एक जण आहे, यंत्रमानवही आहे. फ्लोरिडातल्या के. गॉर्डन मरे या वितरकानं हे चित्रपट स्वस्तात उचलले, त्यांचं इंग्रजी डबिंग करून घेतलं आणि शनिवार-रविवारच्या दुपारच्या खेळांना लावले. आईबाप मुलांना थिएटरात सोडून बाजारहाटाला जात. आत पोरं काय पाहत होती याची त्यांना कल्पना नसावी. प्राण्यांचे पोशाख चढवलेले नट, पुठ्ठ्याचं जंगल, मधेच गाणं आणि मग एकदम छळाची खोली! ज्यांनी लहानपणी हे पाहिलं त्यांच्या आठवणीत ते कुठल्याही महागड्या भयपटापेक्षा घट्ट बसलं, आणि ते समजण्यासारखं आहे. भीतीला सफाई लागत नाही. कधीकधी ओबडधोबड मुखवटाच जास्त भिववतो. दशावतारातला संकासुर पाहून आईच्या पदरात तोंड लपवलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

दरम्यान धंद्याचं तंत्रही पक्कं होत गेलं. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी १९५० च्या दशकापासून आधी नाव ठरवायची, मग पोस्टर काढायची आणि पटकथा शेवटी लिहून घ्यायची. व्हिडिओ कॅसेटचं युग आल्यावर हा क्रम आणखीच सोयीचा ठरला, कारण गिऱ्हाईक दुकानात उभं राहून डब्यावरचं चित्र पाहूनच निवड करी. १९९५ चा ‘रम्पलस्टिल्टस्किन’ हा त्याच फळीचा माल. ज्या मार्क जोन्सनं आयर्लंडच्या लोककथेतल्या ठेंगूवर ‘लेप्रेकॉन’ काढून पैसा केला, त्यानंच तो केला. कॅलिफोर्नियातली ‘द असायलम’ ही कंपनी तर मोठ्या चित्रपटांच्या सावलीतच वाढली. २०१३ साली पॅरामाउंटनं पाच कोटी डॉलर घालून हॅन्सेल आणि ग्रेटेलला चेटकिणी मारायला पाठवलं, तर असायलमनं त्याच वर्षी ‘हॅन्सेल अँड ग्रेटेल’ याच नावाचा आपला चित्रपट बाजारात आणला. कुणी तक्रार करणार तरी कशी? गोष्ट दोघांनाही फुकटच मिळालेली. असायलमच्या चित्रपटाचा दिग्दर्शक अँथनी फेरांटे त्याच वर्षी ‘शार्कनेडो’ या चित्रपटामुळे प्रसिद्ध झाला.

हे गणित मराठी वाचकाला परकं नाही. रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ हा १९७२ चा भयपट महाबळेश्वरला मोजकी माणसं नेऊन सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाख रुपयांत केला होता. एक बंगला, एक जंगल, एक मुखवटा आणि रात्र. त्यांच्या कथा परीकथांवरून घेतलेल्या नव्हत्या, हिशेब मात्र तोच होता.

इथपर्यंतचे बहुतेक चित्रपट परीकथेचं नाव घेतात, गोष्ट वाचत नाहीत. वाचणारे थोडे. पण त्यांच्यासाठीच हा प्रांत धुंडाळावा.

लाल टोपीचंच घ्या. पेरोच्या १६९७ च्या कथेत लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो आणि गोष्ट संपते. शिकारी येत नाही. पोट फाडून दोघींना बाहेर काढणारा तो शिकारी ग्रिमबंधूंच्या संग्रहातला. पण दोन्हींहून वेगळं काही फ्रान्सच्या खेड्यांत सांगितलं जात होतं. लोककथांचे अभ्यासक पॉल दलारू यांनी प्रसिद्ध केलेल्या एका कथनात लांडगा आजीचं मांस आणि बाटलीत भरलेलं तिचं रक्त फडताळात ठेवतो आणि नकळत मुलीला ते खायला-प्यायला लावतो. मग तिला अंथरुणात बोलावतो. मुलीला उमगतं. बाहेर जायची घाई लागली आहे, असं ती सांगते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला सोडतो. ती अंगणात जाऊन दोरी झाडाला बांधते आणि घराकडे धूम ठोकते. ना शिकारी, ना लाकूडतोड्या. पोरगी स्वतःच्या अकलेवर सुटते. आपल्या भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची ही जवळची नातलग म्हणायला हरकत नाही. तिनंही वाघाला ‘जाड होऊन येते’ म्हणून झुलवलंच होतं.

मॅथ्यू ब्राइटच्या १९९६ च्या ‘फ्रीवे’मध्ये हीच पोरगी कॅलिफोर्नियाच्या हमरस्त्यावर भेटते. व्हनेसा किशोरवयीन, तिला धड वाचता येत नाही. आईला वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून पोलीस घेऊन गेलेत, सावत्र बाप नको तिथे हात लावणारा. सरकारी सुधारगृहाच्या तावडीतून सुटून ती टोपली घेऊन आजीकडे निघते. आजी राहते ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात. वाटेत गाडी बंद पडते आणि एक सभ्य गृहस्थ लिफ्ट देतो. मुलांचा समुपदेशक, मऊ बोलणारा. नाव बॉब वुल्व्हर्टन. लांडगा आडनावातच लपलेला आहे, तोही फारसा नाही. रीज विदरस्पून आणि कीफर सदरलँड यांचा गाडीतला तो लांबलचक प्रसंग या चित्रपटाचं काळीज आहे. तो हळूहळू प्रश्न विचारत जातो, सहानुभूती दाखवत जातो आणि तिच्या तोंडून तिच्या आयुष्यातली एकेक घाण बाहेर काढत जातो. गावोगावचे लांडगे असंच बोलतात. मग ती पिस्तूल काढते आणि चित्रपट उलटा होतो. ती गोळ्या घालते, तो वाचतो, विद्रूप होतो आणि कोर्टात बळी म्हणून बसतो. तुरुंगात जाते ती मुलगी. शेवटी आजीच्या ट्रेलरमध्ये, आजीच्या पांघरुणाखाली कोण पडलेलं आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. पोलीस पोहोचतात तोवर काम तिनंच आटोपलेलं असतं. ब्राइटनं दलारूंचं कथन वाचलं होतं की नव्हतं, याला महत्त्व नाही. शिकारी काढून टाकताच तो आपोआप जुन्या गोष्टीपाशी जाऊन पोहोचला.

त्याआधी बारा वर्षं नील जॉर्डननं अँजेला कार्टरच्या कथेवरून ‘द कंपनी ऑफ वुल्व्ज’ केला होता. १९७९ च्या ‘द ब्लडी चेंबर’ या कथासंग्रहात कार्टरनं परीकथांची शिवण उसवली होती आणि पटकथा ती स्वतःच जॉर्डनबरोबर लिहायला बसली. हा चित्रपट भूमिगत वगैरे नव्हता, शेपर्टन स्टुडिओत बनलेला. पण पैसा बेताचाच. लांडगे परवडेनात तेव्हा बहुतेक प्रसंगांत बेल्जियन शेफर्ड कुत्र्यांचे केस रंगवून त्यांनाच लांडगे केलं गेलं. अँटन फर्स्टनं स्टुडिओत उभारलेलं जंगल खरं वाटत नाही, वाटायला नकोच आहे. ते तापात पडलेल्या मुलीच्या स्वप्नातलं जंगल आहे. माणसाच्या उघड्या तोंडातून लांडग्याचं नाक बाहेर येतं, ते दृश्य एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही. केसाळपणा आतल्या बाजूनं असलेले लांडगे, ही कार्टरची कल्पना त्या एका चित्रात पूर्ण उतरते.

आणि मग ‘द ज्युनिपर ट्री’. या प्रकरणातला सगळ्यात कमी लोकांनी पाहिलेला आणि सगळ्यात चांगला चित्रपट.

ग्रिमबंधूंची मूळ कथा भयंकर आहे. सावत्र आई मुलाला पेटीतलं सफरचंद घ्यायला वाकवते, झाकण आपटून त्याचं मुंडकं उडवते, त्याचा रस्सा करते आणि बाप तो आवडीनं खातो. बहीण हाडं गोळा करून झाडाखाली ठेवते. निएत्शका कीन या अमेरिकी दिग्दर्शिकेनं ही गोष्ट आइसलँडला नेली. १९८६ च्या उन्हाळ्यात तिथे चित्रीकरण झालं, काळ्यापांढऱ्या फिल्मवर. पैसे संपल्यामुळे पुढची कामं रखडली आणि सनडान्स महोत्सवात चित्रपट झळकायला १९९१ उजाडलं. मुख्य भूमिकेत विशीतली एक आइसलँडिक गायिका होती. तिचं नाव ब्योर्क. जगानं तिला तेव्हा ओळखलेलं नव्हतं.

दोन बहिणी आहेत. आईला चेटकीण ठरवून मारल्यावर त्या पळतात. थोरली कातला एका विधुराला वश करून घेते, धाकटी मार्गित त्याच्या मुलाशी मैत्री करते. मुलाला सावत्र आई नको आहे. आपली मेलेली आई पक्षी होऊन आपल्याला जपते, असं तो मानतो. इथे चेटकीण म्हणजे वाकड्या नाकाची म्हातारी नाही. ती निवारा शोधणारी बाई आहे आणि निवारा टिकवण्यासाठी एक मूल तिच्या आड येतं. कीननं मुंडकं उडवलं नाही. मुलगा कड्यावरून खाली जातो, आणि पुढे कधीतरी रश्शाच्या भांड्यात एक बोट सापडतं. एवढंच. भोवती काळा खडक, वारा आणि गवताच्या छपराचं घर. रक्त जवळजवळ नाही. विशेष दृश्यांवर खर्च करायला पैसा नव्हता हे खरं, पण असता तरी कीननं तो तसा उडवला असता असं वाटत नाही. ती पुढे विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शिकवत होती आणि २००४ साली वारली. चित्रपटाची डागडुजी होऊन नवी प्रत निघाली ती तिच्या मृत्यूनंतर.

चेक दिग्दर्शक यान श्वांकमायरचा ‘ओतेसानेक’ हा २००० चा चित्रपट दुसऱ्याच वाटेनं जातो. मूल नसलेल्या जोडप्यातला नवरा झाडाचं एक खोड उपटतो, तासून त्याला बाळाचा आकार देतो आणि बायकोच्या हातात देतो. गंमत म्हणून. बायको त्याला न्हाऊमाखू घालते, पावडर लावते, दूध पाजते आणि खोड भुकेनं रडू लागतं. आधी मांजर जातं, मग पोस्टमन, मग समाजकल्याण खात्याची बाई. शेजारच्या छोट्या मुलीनं मात्र कारेल यारोमीर एर्बेनच्या लोककथांचं पुस्तक वाचलेलं असतं. पुढे काय होणार हे साऱ्या इमारतीत तिला एकटीलाच ठाऊक असतं, आणि तिला ते थांबवायचं नसतं! लाकडाचं तोंड उघडझाप करतं ते एकेक चौकट हातानं हलवून केलेलं. संगणकानं गुळगुळीत केलेल्या राक्षसांपेक्षा त्या खडबडीत मुळ्यांची किळस कितीतरी अधिक येते.

आज या प्रांतात गर्दी झाली आहे. ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ आणि ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही बडबडगीतंही २०२३ साली इंग्लंडात भयपट झाली. २०२४ या एकाच वर्षी लुइसा वॉरेनचा ‘सिंड्रेलाज कर्स’ आणि अँडी एडवर्ड्सचा ‘सिंड्रेलाज रिव्हेंज’ असे दोन सिंड्रेलापट आले. दोन्हींत छळलेली पोर सूड घेते, आणि दोन्हींत मूळ गोष्टीतली सगळ्यात भयानक जागा सूडाच्या धबडग्यात मागे पडते. ग्रिमबंधूंकडे आई आपल्या सख्ख्या लेकींच्या हाती सुरी देते. एकीनं अंगठा कापायचा, दुसरीनं टाच. राणी झाल्यावर पायी चालण्याची वेळ येणार नाही, असं ती त्यांना समजावते. हे सिंड्रेलाच्या बाबतीत घडतच नाही, घडतं त्या बहिणींच्या. एमिली ब्लिकफेल्ट या नॉर्वेजियन दिग्दर्शिकेनं नेमकं हेच पाहिलं. तिच्या २०२५ च्या ‘द अग्ली स्टेपसिस्टर’ची नायिका कुरूप ठरवली गेलेली बहीण एल्विरा आहे. सुंदर दिसण्यासाठी ती नाक ठोकून घेते, बारीक होण्यासाठी पोटात कृमी वाढू देते आणि शेवटी जोड्यात पाय बसावा म्हणून बोटांवर घाव घालते. थिएटरात लोक मान फिरवतात ते रक्तामुळे कमी आणि त्या मुलीची धडपड ओळखीची वाटते म्हणून जास्त.

पूच्या निर्मात्यांनी दरम्यान ‘पीटर पॅन’ आणि ‘बॅम्बी’ यांचेही भयपट काढले. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्यांना फार मान देण्यातही नाही. ‘ब्लड अँड हनी’तली उपाशी दोस्तांची ती पहिली तीन-चार मिनिटं खरी परीकथा आहेत: सोडून गेलेलं माणूस, हिवाळा, भूक आणि आपल्यातल्याच एकाला खाणं. ग्रिमबंधूंनी ती बिनधास्त छापली असती. पुढचा सव्वा तास मात्र कुठल्याही मुखवट्याखाली खपला असता.

यातलं काही पाहायचंच असेल तर सुरुवात ‘द ज्युनिपर ट्री’पासून करावी. अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा चित्रपट आहे. रात्री, दिवे मालवून, आवाज नीट ऐकू येईल असा पाहावा. मग ‘फ्रीवे’, मग ‘ओतेसानेक’. तो मात्र जेवणाआधी. पू सगळ्यात शेवटी, चार मित्र जमवून, आणि घरातली लहान मुलं झोपल्याची खात्री करून. त्यांच्यासाठी ग्रिमबंधूंचं पुस्तक आहेच.